दोन वाजता भरणारी शाळा

पहिल्याच दिवशी मी शाळेत चांगली सहा तास उशिरा पोहोचले. पुण्यात एकतीस वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवले, पण हजेरीपटावर उशिराचा शेरा कधी पडला नाही. आणि परमुलखात जाऊन पहिल्याच दिवशी ही शोभा!

झाले ते असे. 2023 च्या जानेवारीत मी टांझानियातील मोशी गावी मुलाकडे गेले. सून-मुलगा दिवसभर कामावर. घरात बसून मी काय करणार? सेवानिवृत्त झाले तरी हाताचा खडू काही सुटत नव्हता. मुलाच्या ओळखीने जवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत विनामूल्य शिकवायचे ठरले. परवान्याचे कागदपत्र झाले आणि मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, "सोमवारी, सा म्बिली." 'सा' म्हणजे तास आणि 'म्बिली' म्हणजे दोन, एवढी स्वाहिली मी विमानातच पाठ केली होती. सोमवारी जेवणखाण आटोपून, नवी साडी नेसून, मी बरोबर दोनच्या ठोक्याला फाटकाशी हजर! लहान मुले केव्हाच घरी गेलेली.

बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग त्यांनी समजावले. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आठ म्हणजे दोन. मोशी विषुववृत्ताजवळ असल्याने तिथे सूर्य बाराही महिने जवळजवळ एकाच वेळी उगवतो. आपले आजे-पणजे तरी घटका सूर्योदयापासूनच मोजत ना? त्यांचे घड्याळ ठीक होते. मीच माझे घड्याळ बरोबर नेले होते. हा धडा मला पुढचे सहा महिने पुन्हा पुन्हा गिरवावा लागला.

मोशी हे किलिमांजारोच्या पायथ्याचे गाव. 5,895 मीटर उंचीचा तो पर्वत सकाळी लख्ख दिसतो आणि उन्हे चढली की बहुधा ढगांत दडून बसतो. शाळेत डोंगर पाहायला मात्र कुणाला सवड नव्हती. माझ्या वर्गात ऐंशी मुले! तिघांच्या बाकावर पाच जण, उरलेली जमिनीवर. 2016 च्या जानेवारीपासून तिकडच्या सरकारने सरकारी शाळांतील फी माध्यमिकच्या चौथ्या वर्गापर्यंत काढून टाकली. घरी बसलेली मुले शाळेत लोटली. मुले एका सकाळी येऊ शकतात. बाके आणि शिक्षक तसे येत नाहीत.

मी वर्गात शिरले की ऐंशी गळे एकदम ओरडत, "शिकामो!" वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार. 'तुमचे पाय धरतो' असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. मला मात्र त्यात आपले 'शिका' ऐकू येई आणि वाटे, मुले मलाच बजावताहेत.

आणि शिकण्यासारखे काही कमी नव्हते. मोजताना मुले पाचानंतर 'सीता' म्हणाली तेव्हा मी वर्गात सीता कुठली म्हणून शोधू लागले. सीता म्हणजे सहा! 'बाबा' म्हणजे वडीलच, पण 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे चक्क बहीण. मला मुले 'बीबी' म्हणू लागली तेव्हा मी दचकलेच. बीबी म्हणजे आजी, असे कळल्यावर जीव भांड्यात पडला.

हसण्यावारी न्यावी अशी नव्हती ती माझी पुढली चूक. मनात पक्के धरून गेले होते की या मुलांना इंग्रजी द्यावे. तिकडे सरकारी प्राथमिक शाळेचे माध्यम स्वाहिली आणि माध्यमिकचे इंग्रजी. तेव्हा आधीच तयारी झालेली बरी, असा माझा शहाणपणा. मी चित्रे टांगली, 'ए फॉर ॲपल' सुरू केले. मुले काय गोड म्हणत! शेजारचा वर्ग डोकावून जाई. घरी पत्रे लिहिली, पंधरा दिवसांत सव्वीस अक्षरे झाली म्हणून.

एके दिवशी मधल्या सुट्टीत निळ्या स्वेटरची एक मुलगी धावत आली. तिच्या हातात टोमॅटो होता. "बीबी, ॲपल!" ती आनंदाने म्हणाली. त्या मुलांपैकी बहुतेकांनी सफरचंद पाहिलेच नव्हते. मी फळ्यावर मधलेच एखादे अक्षर दाखवावे, तर मुलांनी पहिल्यापासून चाल धरावी. त्यांना गाणे आले होते, वाचन शून्य.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या मागे जाऊन बसले. पहिलीची खरी शिक्षिका पंचविशीतली पोर. तिने फळ्यावर लिहिले आणि मुले म्हणू लागली, "बा, बे, बी, बो, बू." मी उभीच राहिले. अहो, ही तर आपली बाराखडी! स्वाहिली जशी बोलतात तशी लिहितात. 'बा' आणि 'बा' मिळून बाबा. मूल त्याच दिवशी घरचा शब्द वाचते. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे पूर्वाश्रमीचे शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत पेलते हे त्यांनी 1963 मध्ये स्वतः भाषांतर करून दाखवले. आणि मी आले होते त्या भाषेच्या डोक्यावर सफरचंद ठेवायला!

मी चित्रे उतरवली. त्या पोरीला म्हटले, "वर्ग तुझा. मला फक्त मागे पडलेली मुले दे." तिने वीस मुले दिली. आंब्याच्या झाडाखाली आमचा वर्ग भरू लागला. खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर मी बाराखडीची पाने केली. बाटल्यांची बुचे मोजायला घेतली. माझी स्वाहिली चुके तेव्हा मुले ती सुधारत. त्या निमित्ताने मुखदुर्बळ पोरेही बोलू लागली.

अडचणी मात्र पुस्तकात नसतात तिथून येतात. कित्येक मुले उपाशीपोटी चालत येत. दहाला मक्याच्या पिठाची पेज मिळे. तिला 'उजी' म्हणतात. ज्या दिवशी पीठ संपे त्या दिवशी अक्षरेही संपत. मार्चपासून मोठा पाऊस लागला की झाडाखालून आम्ही वर्गात, आणि पत्र्यावरच्या त्या माऱ्यात शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. मग हवेत बोटाने अक्षरे काढायची.

त्याच पावसात निळ्या स्वेटरची मुलगी दिसेनाशी झाली. आठ दिवसांनी आली ती धाकट्या भावाला पाठीशी बांधून. आई शेतावर, पोर सांभाळायचे कुणी? तो रडू लागला तसे मी कुरकुरले, "ही शाळा आहे की पाळणाघर?"

शिक्षिका शांतपणे म्हणाली, "मामा, भावाला परत पाठवले तर तीही जाईल."

मी गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून भाऊ बुचांशी खेळे आणि बहीण शिके.

पण ती मला वाचून दाखवीना. इतर मुलांना दाखवी; मी जवळ गेले की पान मिटे. कारण विचारले तेव्हा तिनेच उलट विचारले, "बीबी, तू कधी जाणार?"

मला उत्तर सुचेना. शिक्षिकेने मग सांगितले. माझ्याआधी दूरदेशीचे बरेच जण येऊन गेले होते. कुणी पंधरा दिवस, कुणी महिना. गोळ्या वाटल्या, गाणे शिकवले, फोटो काढले आणि गेले. नवा पाहुणा आला की पुन्हा तेच पहिले गाणे. मुले तरी किती जणांना जीव लावणार? मीही सहा महिन्यांचीच पाहुणी होते.

त्या रात्री झोप आली नाही. सकाळी ठरवले, जायचेच आहे तर मागे काही मोडू नये. पाचवीतल्या चार मुली निवडल्या, त्यांना पुठ्ठ्यांचा खेळ शिकवला. शिक्षिकेने त्यात माझ्याहून चांगल्या सुधारणा केल्या. मेमध्ये मी झाडाखाली नुसती बसून राही. काही न करणे हे एकतीस वर्षांत मला कधी जमले नव्हते. फार जड गेले.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला असे जावेसे वाटले तर जरूर जा. पण निदान एक पूर्ण सत्र राहा, तिथली भाषा आधी शिका, आणि तिथल्या शिक्षकाची खुर्ची घेऊ नका, तिच्याशेजारी बसा.

जूनमधल्या माझ्या शेवटच्या दिवशी निळ्या स्वेटरची मुलगी पाचवीतल्या ताईपुढे मांडी घालून बसली होती. बोट ठेवून, अडखळत, तिने एक अख्खी ओळ वाचली. मी चार हातांवर उभी होते. तिने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. मनात कुठेतरी खुपले, खोटे कशाला सांगू? पण तिचे वाचन आता माझ्यावाचून चालणार होते, आणि मी गेले होते ते त्याचसाठी.

आता पुण्यात रोज साडेदहाला माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. तिकडे तेव्हा सा म्बिली झालेले असतात. दोन वाजले, शाळा भरली.