ओल, भार आणि सळई

उभ्या इमारतीची तपासणी करून ती राहण्यालायक आहे का, हे सही-शिक्क्यानिशी सांगणे हे ज्येष्ठ संरचना अभियंत्याचे काम. बोलीभाषेत त्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची अशी तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. ही तीस वर्षे बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, वापर परवाना किंवा निम्म्या क्षेत्रात प्रत्यक्ष सुरू झालेला वापर, यांपैकी जे आधी घडले असेल तेव्हापासून मोजतात. भिवंडीत यातला शेवटचा पर्याय महत्त्वाचा ठरतो, कारण अनेक जुन्या इमारतींना दाखला किंवा परवाना कधी मिळालेलाच नसतो.

कामाची सुरुवात कागदांपासून होते. मंजूर नकाशा आणि आरसीसीची रेखाचित्रे मिळाली तर ठीक. नाहीतर अभियंता टेप घेऊन प्रत्येक मजला मोजतो आणि कॉलम-बीमचा आराखडा स्वतः तयार करतो. जुन्या रहिवाशांशी बोलणे हा तपासणीचाच भाग असतो. वरचा मजला नंतर चढवला का, गळती कुठून सुरू झाली, मागच्या दुरुस्तीत नुसते प्लॅस्टर केले की सळई उघडून साफ केली, ही माहिती कुठल्याही नकाशात सापडत नाही.

मग अभियंता गच्चीपासून खाली उतरत जातो. पाणी वरून खाली झिरपते, म्हणून त्याचा मागही वरूनच काढावा लागतो. गच्चीवरच्या टाक्या मोजायच्या, कारण हजार लिटरची प्रत्येक टाकी म्हणजे एक टन भार. न्हाणीघराखालचा स्लॅब, छज्जे, जिन्याची लादी आणि बाहेरच्या बाजूचे कॉलम या नेहमीच्या दुखऱ्या जागा. हातातल्या लहान हातोडीने ठोकले की घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते; आतून सुटलेले काँक्रीट बद्द आवाज करते. कॉलमच्या कडेने सळईच्या रेषेत उभा तडा गेलेला दिसला की आत गंज चढलेला असणार. गंजलेले पोलाद मूळ आकारमानाच्या दुप्पट ते सहापट जागा मागते आणि त्या दाबाने काँक्रीट फुटते. प्लॅस्टरमधल्या केसासारख्या बारीक भेगा वेगळ्या. त्या बहुतेकदा निरुपद्रवी असतात, आणि हा फरक ओळखण्यासाठी वर्षानुवर्षांचा अनुभव लागतो.

डोळ्यांनी पाहिल्यानंतर यंत्रांची पाळी येते. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा वेगाने गेल्या तर काँक्रीट चांगले. वेग तीन किलोमीटरच्या खाली आला तर शंकास्पद. सर्वांत बोलकी चाचणी साधी आहे. कॉलमचा थोडा भाग ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण शिंपडतात. निरोगी काँक्रीट लगेच गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कधर्म संपला आहे ते तसेच राखाडी राहते. राखाडी पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर तिचे नैसर्गिक संरक्षण संपले. खाडीची रेती न धुता वापरली असेल तर ही वाटही पाहावी लागत नाही. तिच्यातले क्लोराइड गुलाबी काँक्रीटमध्येही सळई गंजवते, म्हणून त्याचे प्रमाण प्रयोगशाळेत वेगळे तपासावे लागते.

पण भिवंडीतला अवघड प्रश्न भाराचा आहे. हे शहर देशातल्या मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक आहे आणि भोवतालच्या गावांत गोदामांचे जाळे पसरले आहे. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भारासाठी आखतात, हलकी यंत्रे असलेल्या कारखान्याची सुमारे ५०० किलोंसाठी, तर सर्वसाधारण गोदामाची किमान ७५० किलोंसाठी. घरासाठी ओतलेल्या स्लॅबवर कापडाच्या गाठी रचल्या किंवा माग बसवले, तर सगळा हिशेब उलटतो. तळमजल्यावरचा माल थेट जमिनीवर बसतो. धोका असतो तो पहिल्या मजल्यापासून वर. मागांची अखंड कंपने तर वेगळीच. त्यात शटर रुंद करण्यासाठी कॉलमची कड छिनलेली असते, गच्चीवर पत्र्याची शेड चढलेली असते. म्हणून इथे वयापेक्षा वापर आधी विचारावा लागतो.

दोन दुर्घटना हे स्पष्ट दाखवतात. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि किमान अडतीस माणसे गेली. इमारत १९८४ ची होती, म्हणजे तीस वर्षांची रेषा तिने केव्हाच ओलांडली होती. याउलट २९ एप्रिल २०२३ रोजी माणकोलीजवळ वळपाडा इथल्या वर्धमान कंपाउंडमध्ये पडलेली इमारत त्या वयाच्या जवळपासही नव्हती. खाली गोदाम आणि वर राहती कुटुंबे होती. आठ जणांचा जीव गेला. हा भाग महापालिकेच्या हद्दीबाहेरचा आहे. भिवंडी परिसरातल्या ६० गावांसाठी एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. वयाची अट तेवढी पाहिली असती, तर या दुसऱ्या इमारतीपर्यंत कुठलाच तपासनीस पोहोचला नसता.

अहवालाच्या शेवटी वर्गवारी द्यावी लागते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे माणसे राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. खरा कस सी-१ आणि सी-२ अ यांच्यामधल्या रेषेवर लागतो. जागा मोकळी हवी असलेल्या मालकाला सी-१ सोयीचे असते. हेवी डिपॉझिट भरून राहणाऱ्या कुटुंबाला घर सुटले की पैसेही बुडतील ही भीती असते. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. त्यामुळे ज्येष्ठ अभियंता प्रत्येक निष्कर्षाला चाचणीचा आकडा, जागेची खूण आणि तारखेसह छायाचित्र जोडतो. कनिष्ठाने आणलेल्या आकड्यांवर जागेवर न जाता सही करणे हा या पेशातला सर्वांत मोठा गुन्हा मानला पाहिजे.

पावसाळ्यापूर्वी हे काम शिगेला पोहोचते. प्रभागनिहाय पाहणी होते, धोकादायक इमारतींची यादी लागते आणि त्याच अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा निघतात. नोटिशीनंतरही लोक हलले नाहीत तर पाणी आणि वीज तोडण्यापर्यंत वेळ येते. पाडण्याआधी प्रत्येक भोगवटादाराच्या खोलीचे मोजमाप नोंदवून ठेवणे अत्यंत गरजेचे असते, कारण पुढे पुनर्विकासात हक्क सांगायला तेवढाच आधार उरतो.

दुरुस्ती ठरली तर अभियंत्याचे काम संपत नाही. टेकू लावल्याशिवाय कॉलम फोडू द्यायचा नाही, गंज पूर्ण घासून काढायचा, सळईची जाडी बरीच घटली असेल तर जोड-सळई टाकायची, मग पॉलिमर मॉर्टर किंवा जॅकेटिंग, म्हणजे कॉलमभोवती नव्या काँक्रीटचे आवरण. दर टप्प्यावर तो स्वतः हजर राहतो. गळती थांबली नसताना केलेले जॅकेटिंग काही पावसाळ्यांतच पुन्हा फुटते. म्हणून कॉलमला हात लावण्याआधी प्लंबरला बोलावून न्हाणीघरांचे नळ आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग पुरे करून घेतात. शेवटी त्याच जागांवर चाचण्या पुन्हा होतात आणि नवे आकडे जुन्यांशेजारी लिहून स्थिरतेचे प्रमाणपत्र दिले जाते.