गादीवरून उतरल्यानंतर

नोकरदाराच्या निवृत्तीची तारीख त्याच्या सेवापुस्तकात लिहिलेली असते. व्यापाऱ्याला अशी तारीख नसते. हिंगोली, वसमत, कळमनुरी वा सेनगावच्या बाजारपेठेतील वडीलधारी माणसे सत्तरी ओलांडल्यावरही नेमाने दुकानात जाऊन बसतात. मग एखाद्या वर्षी गुडघे साथ देत नाहीत, बिले संगणकावर जातात, हळदीचा भाव मुलाच्या मोबाइलवर आधी कळतो आणि गादीवरची जागा सहजपणे बदलते. त्याबरोबर हातचे काम जाते, गिऱ्हाइकांशी होणारे बोलणे थांबते आणि गल्ल्याशी असलेला संबंधही सुटतो.

घरातील ज्येष्ठ स्त्रीची स्थिती याहून निराळी. ती स्वयंपाकघर सुनेच्या स्वाधीन करते. परंतु बँकेचे खाते, घराची कागदपत्रे, औषधांचा खर्च यांची माहिती तिला आयुष्यभर कोणी दिलेलीच नसते. पतीच्या पश्चात ही उणीव फार जाणवते.

अशा वेळी पुण्याला स्थायिक झालेली मुले म्हणतात, ‘आता तिथे एकटे कशाला राहता? घर विकून इकडेच या.’ हा आग्रह प्रेमाचाच असतो. तरीही घर विकण्याचा निर्णय परत फिरवता येत नाही, म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हावा.

२०११च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. या वाढत्या संख्येमुळे मोठ्या शहरांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र वसाहती उभ्या राहिल्या. पुण्यातील ‘अथश्री’ हे त्यांतील परिचित नाव. घसरणार नाही अशी फरशी, न्हाणीघरात आधाराचे दांडे, अडचणीच्या वेळी दाबायची घंटा, सामायिक भोजनगृह आणि समवयस्कांचा सहवास, अशी या वसाहतींची सामान्य रचना असते. २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. उद्‌वाहन, चाकाच्या खुर्चीस पुरेसे रुंद दरवाजे, उतरते मार्ग यांसारख्या बाबींचा त्यांत विचार आहे.

ही व्यवस्था अनेकांना मानवते. मात्र नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत. सूर्यास्तापूर्वी भोजन मिळेल काय? कंदमुळांविना स्वयंपाक वेगळा होतो काय? अंथरुणाला खिळल्यास शुश्रूषा कोण करील व तिचा खर्च किती? दोघांपैकी एकाच्या निधनानंतर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क कायम राहतो काय? वसाहत सोडल्यास ठेव केव्हा व किती परत मिळते? मासिक आकार दरवर्षी किती वाढतो?

ज्यांना हिंगोली सोडायचे नाही, त्यांनी या वसाहतींचे मर्म ध्यानी घ्यावे. तेथील इमारत आणता येत नसली, तरी तेथील बहुतेक सोयी आपल्या घरात व गल्लीत करता येतात. न्हाणीघरात दोन दांडे बसवणे, उंबरठा सपाट करणे, रात्री वाटेत मंद दिवा ठेवणे यांस फारसा खर्च येत नाही. पडून खुब्याचे हाड मोडले, तर होणारा खर्च व परावलंबन यांपुढे तो नगण्यच.

आयुष्यभर गादीवर बसून काढलेल्या शरीराला चालण्याची सवय लावावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम ज्येष्ठांनी करावेत. रोज मंदिरात पायी जाण्याने यातील बराच वाटा पुरा होतो. शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळदा आढळते. विसरभोळेपणा वा पायांना मुंग्या येणे हे केवळ वयाचे मानू नये, रक्त तपासून घ्यावे. मधुमेहाची औषधे चालू असताना उपवास करायचा झाल्यास औषधांच्या मात्रेविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

याहून अवघड प्रश्न कामाचा. मंदिराच्या विश्वस्त संस्थेचे हिशेब, गोशाळेची खरेदी, पाठशाळेतील मुलांना शिकवणे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना खतावणी समजावणे, ही कामे अनुभवी हातांची वाट पाहत असतात. आठवड्यातील दोन दिवस ठरवून एक काम पत्करले, तर उठण्याला कारण मिळते. स्वाध्याय मंडळ वा ज्येष्ठ नागरिक संघ यांमुळे सहवास मिळतो. एसटीत ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धे भाडे पडते व ७५ वर्षांनंतर प्रवास विनामूल्य आहे. चारचौघांनी मिळून शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनास जाणे अवघड नाही. दुकानात मात्र सल्ला विचारल्यावरच द्यावा. त्याने मुलाचा संकोच जातो आणि सल्ल्याचे मोलही टिकते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची. हयातीतच सर्व मालमत्ता मुलांच्या नावे करून मोकळे होण्याची प्रथा आपल्यात पुष्कळ आहे. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम २३ अन्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता त्या अटीचे पालन न झाल्यास परत मिळवता येते. परंतु ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. तोंडी विश्वासावर न्यायालयात निभाव लागणे कठीण. राहते घर शेवटपर्यंत पती-पत्नीच्या नावे ठेवावे व पुढील व्यवस्था मृत्युपत्राने करावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साठ वर्षांवरील व्यक्तीस ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम गुंतवता येते व व्याज दर तिमाहीस मिळते. पत्नीच्या नावे स्वतंत्र खाते असावे, प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन असावे आणि सर्व कागदांची एक यादी तिच्या हाती असावी.

यामुळे मुलांवर अविश्वास दाखवला असे होत नाही. ज्याचा औषधपाण्याचा खर्च स्वतःच्या खात्यातून भागतो, त्याच्याशी घरात मोकळेपणाने बोलले जाते. मुलांच्या मनावरचा भारही हलका होतो. पेढीचा हिशेब दरवर्षी दिवाळीला पूर्ण करणाऱ्या कुटुंबांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या उत्तरायुष्याचा हिशेबही याच दिवाळीत, सर्वांनी एकत्र बसून, मांडावा.