ऐकायला नको, वाजवायला या

यवतमाळ जिल्ह्यात खंजेरी वाजवणारं माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात किराणा दुकानदार, शेतमजूर, अंगणवाडीच्या बाई आणि शिवणकाम करणारी मी, असे सगळे कुठल्या ना कुठल्या भजन मंडळात आहोत. पुरुषांचं मंडळ वेगळं, बायकांचं वेगळं, पोरांचंही वेगळं. यातून कुणाच्या घरची चूल पेटत नाही. उलट टाळ, पेटीची दुरुस्ती, एकसारख्या साड्या यांचे पैसे पदरचेच जातात. तरी दिवसभर कापूस वेचून आलेली बाई रात्री जेवणं उरकली की मंदिराच्या ओट्यावर हजर असते. थकवा कुठे जातो म्हणून शहरातले पाहुणे विचारतात. ते एका वाक्यात सांगता येण्यासारखं नाही.

आमच्याकडे खंजेरी घरोघरी पोचली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. ३० एप्रिल १९०९ रोजी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात यावली इथे त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. स्वतः भजनं रचायची, मराठीत आणि हिंदीतही, आणि खंजेरीवर गात गावोगाव फिरायचं, हा त्यांचा क्रम. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ मध्ये ते विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले, तिथेही खंजेरी सोबत होतीच. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. त्यांनी सांगितलेली सामुदायिक प्रार्थना मात्र विदर्भातल्या कितीतरी गावांत आजही होते. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं की त्यांनी चाली चारचौघांच्या गळ्याला पेलतील अशा ठेवल्या. एकानं गावं आणि शंभरांनी माना डोलवाव्यात, असा हा प्रकारच नाही.

वाद्य म्हणाल तर अगदी साधं. लाकडाचं कडं, त्याच्या एका बाजूला ताणून बसवलेलं कातडं आणि कड्याच्या खाचांमध्ये पितळी चकत्या. डाव्या हातात धरायचं, उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायचं. काठाजवळ थाप मारली तर टणक बोल निघतो, मध्याकडे मारली तर भरीव. धरलेल्या हाताची बोटं कातडीवर दाबली की आवाज चढतो. मनगटाला हिसका दिला की चकत्या बोलतात, म्हणजे ठेका आणि झंकार एकाच वाद्यात. जुन्या खंजेरीवर घोरपडीचं कातडं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. आता बकरीचं कातडं किंवा प्लास्टिकचा पडदा असतो. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं आणि खंजेरी भदभद वाजते. मग भजनाआधी ती निखाऱ्यावर धरून शेकायची, मध्येच बोट मारून बघायचं. प्लास्टिकला ही कटकट नाही, पण आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्या बायांना तो आवाज पटत नाही. सत्यपाल महाराज एकटे सात खंजेऱ्या वाजवून प्रबोधन करतात आणि त्यांना पाहायला गावंच्या गावं लोटतात. आम्हाला एक सांभाळली तरी पुष्कळ.

मंडळात नवी बाई आली की तिला कुणी परीक्षा घेऊन बसवत नाही. हातात टाळ देतात आणि मागच्या रांगेत जागा देतात. पुढची गाणारीण ओळ टाकते, मागच्या सगळ्या ती उचलतात. ठेका बहुतेक केरव्याचा. धिम्यानं सुरू होतो आणि शेवटच्या कडव्याला इतका चढतो की नवखीचे हात आपोआप धावतात. टाळ सरावला की कोरसमध्ये आवाज मोकळा होतो, मग कधीतरी एखादा अंतरा एकटीकडे येतो. माझ्या मागे बसणाऱ्या आजींचं एकच सांगणं असे, "चुकलं तं चुकू दे, पण थांबू नको वं माय." माझं सगळं शिक्षण या वाक्यावर झालं.

पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्यानं एकदा मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली. अमेरिकेतल्या कुठल्याशा घराच्या ओसरीवर पाच-सहा जण गोल बसून तारांची वाद्यं वाजवत होते. "मामी, हे बघ तुमचंच मंडळ," असं खाली लिहिलं होतं. त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. केंटकी राज्यात १९११ साली जन्मलेला बिल मन्रो हा त्याचा जनक मानला जातो. घरातला धाकटा, फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी घेतली, म्हणून याच्या वाट्याला मेंडोलिन आलं. त्याचा आवाज मोठा होऊ नये म्हणून भावांनी आठातल्या चार तारा काढायला लावल्या, असं सांगतात. पुढे गावाकडच्या असंख्य पोरांसारखा तोही कामासाठी परमुलखात गेला आणि तेल शुद्धीकरण कारखान्यात लागला. गाणं त्यानं सोडलं नाही. १९३९ साली तो ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तीन बोटांनी बॅंजो वाजवणारा तरुण त्याच्या चमूत आला आणि त्या संगीताचं रूप पक्कं झालं. बॅंजोचं मूळही ऐकण्यासारखं आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून केलेली वाद्यं, त्यांचा हा वंशज. त्याचं कातडंही दमट हवेत सैल पडायचं. पुढे त्यावरही प्लास्टिक आलं.

मला मौज वाटली ती त्यांच्या बैठकीच्या रीतीची. ब्लूग्रासमध्ये सहसा ढोल-तबला नसतो. मेंडोलिनवाला उलट्या मात्रेवर तारा दाबून ‘चक्‌ चक्‌’ करतो, तोच त्यांचा ठेका. गाणं ज्यानं सुरू केलं, तो मानेनं खुणावून प्रत्येकाला एकट्यानं वाजवायची पाळी देतो. ज्याला जमत नसेल त्यानं मान हलवली की पाळी पुढे सरकते, त्यात कमीपणा नाही. गाणं संपवायचं असलं की तो एक पाय वर उचलतो. आमच्यात खंजेरी वर जाते, एवढाच फरक. जुन्या पद्धतीनं ते एकाच माइकभोवती उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढे, बाकीचे मागे. गावच्या भजनाला एकच माइक मिळाला की आम्हीही नेमकं हेच करतो. नवशिक्यांसाठी मुद्दाम संथ लयीच्या बैठकी भरवतात, हे तर मला फारच आवडलं. हा छंद जपानपर्यंतही पोचला आहे.

आता फोनवरच्या भजनाबद्दल. लग्न होऊन गेलेल्या, नोकरीपायी दूर असलेल्या आमच्या मुली व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आहेत. करोनाच्या काळात सगळ्यांनी मिळून व्हिडिओ कॉलवर भजन म्हणून पाहिलं आणि नुसता गोंधळ झाला. भाच्यानं त्याचं कारण समजावलं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ओट्यावर तीन मीटर अंतरावर बसलेलीचा टाळ मला सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत ऐकू येतो. व्हिडिओ कॉलवर तोच आवाज दहावा भाग, कधी त्याहून उशिरा पोचतो. पाळीपाळीनं बोलताना कान तेवढं चालवून घेतो, पण तालात नाही. मग आम्ही तोड काढली. एकीनं खंजेरीसह भजन म्हणून पाठवायचं. दुसरीनं एका फोनवर ते इयरफोननं ऐकत दुसऱ्या फोनवर आपला आवाज भरायचा. भाच्यानं सगळं एकावर एक जोडायचं. अमरावतीची पेटी, नाशिकचा टाळ आणि गावची खंजेरी एका भजनात आली. ओट्यावरची मजा त्यात नाही, पण दूर गेलेलीची जागा राखली जाते.

या गटात हळूहळू बाकीचे छंदही शिरले. कुणी दोडक्याचं, वालाचं घरचं बी राखते, ती राखेत घोळवून कसं ठेवायचं ते दाखवते. अंगणवाडीच्या बाई तळ्यावरच्या पक्ष्यांचे फोटो टाकतात आणि नाव आम्हाला ओळखायला सांगतात. मी उरलेल्या चिंध्यांची गोधडी शिवते, तिच्या टाक्यावर दोन पिढ्यांचे वाद रंगतात. नियम भजनाचेच लावले आहेत: पाळीनं बोलायचं, नवखीला आधी जागा द्यायची, आणि स्वतः काही केलं असेल तरच टाकायचं. आयत्या आलेल्या सुप्रभातीच्या फुलांना बंदी आहे. त्यावरून दोघी रुसून गेल्या, त्यातली एक भोपळ्याचं बी घेऊन परत आली.

हल्ली भजन स्पर्धांच्या चित्रफिती भरपूर बघायला मिळतात. कसलेली मंडळं असतात, ऐकून शिकायलाही होतं. पण बघणारे वाढले आणि ओट्यावर बसणारे घटले, तर तुकडोजी महाराजांनी सोप्या ठेवलेल्या चाली कुणासाठी, हा प्रश्न उरतोच. छंद म्हणजे उत्तम येणाऱ्यांची मक्तेदारी नव्हे. बऱ्यापैकी वाजवणारे दहाजण एका लयीत आले की एकट्या उस्तादाला न मिळणारी गंमत हाती लागते, आणि ती बाहेरून पाहून कळत नाही. त्यामुळे आमच्या गावी कुणी भजन ऐकायला आलं, की त्याला खुर्ची देत नाही. मागच्या रांगेत सरकून जागा करतो आणि टाळ पुढे करतो.