जंगलातला ट्रक आणि विम्याचे गणित

घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा परिसरातील कोळसा खाणी, गडचांदूरच्या आसपासचे सिमेंट कारखाने आणि एटापल्ली तालुक्यातील सुरजागडची लोहखनिज खाण यांमुळे चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांच्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रकची वर्दळ असते. डिझेल, टायर आणि बँकेचा हप्ता हे वाहतूकदाराचे नित्याचे खर्च. विम्याचा खर्च मात्र अनेक मालक कर समजून भरतात आणि पॉलिसीचा कागद गाडीत ठेवून देतात. त्यात काय लिहिले आहे, हे बहुधा दुर्घटनेनंतरच वाचले जाते.

डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागड येथे माओवाद्यांनी खनिज वाहतुकीची सत्तरहून अधिक वाहने पेटवून दिली. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिसांचे बळी गेले. त्याआधी दादापूर येथे रस्तेबांधणीची वाहने जाळण्यात आली होती. अशा वेळी मालकाला भरपाई मिळते का, या प्रश्नाचे उत्तर पॉलिसीच्या प्रकारात दडलेले आहे. सर्वसमावेशक म्हणजे 'पॅकेज' पॉलिसीत आग, दंगल, विघातक कृत्य आणि दहशतवादी कृत्य यांनी होणारे नुकसान समाविष्ट असते. केवळ 'थर्ड पार्टी' विमा असलेल्या मालकाला मात्र स्वतःच्या जळालेल्या गाडीपोटी एक रुपयाही मिळत नाही.

दोन हप्ते, दोन स्वभाव

ट्रकच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला, त्रयस्थाला होणाऱ्या हानीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार तो सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार २० ते ४० टन एकूण वजनाच्या सार्वजनिक मालवाहू वाहनाचा हा वार्षिक हप्ता ४३,९५० रुपये होता. मालक कितीही दक्ष असला, तरी यात सवलत नाही.

दुसरा भाग स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. २००७ पासून या भागावरील दरांचे नियंत्रण उठले. त्यामुळे विमा कंपनी गेल्या काही वर्षांत किती दावे झाले हे पाहून दर कमी-जास्त करू शकते. सुरक्षिततेचा रोख लाभ मालकाला मिळतो तो येथे.

याच भागात 'नो क्लेम बोनस' मिळतो. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पुढे २५, ३५, ४५ व ५० टक्क्यांपर्यंत सूट वाढत जाते. एक दावा केला की ती शून्यावर येते. समजा, सुटीपूर्वी हा हप्ता ४०,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्के सुटीवर पोहोचला आहे. दावा केल्यास पुढील पाच वर्षांत त्याला अनुक्रमे २०, १२, १०, ६ आणि २ हजार, असे एकूण ५० हजार रुपये जादा मोजावे लागतील. घसाऱ्यामुळे हप्ता उतरतो, हे धरले तरी पंधरा-वीस हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा करणे बहुधा तोट्याचेच. किरकोळ डागडुजी स्वखर्चाने करावी आणि विमा मोठ्या संकटासाठी राखावा, हा त्याचा अर्थ.

मोठ्या संकटातही गाडीची मूळ किंमत हाती येत नाही. भरपाई मिळते ती पॉलिसीत नोंदवलेल्या 'आयडीव्ही'इतकी. या मूल्यात घसारा धरलेला असतो. चार ते पाच वर्षांच्या वाहनाला तो ५० टक्के लागतो. गाडी तारण असल्यास रक्कम आधी वित्तसंस्थेकडे जाते. हप्ता वाचवण्यासाठी आयडीव्ही कमी लिहून घेणाऱ्याला गाडी जळाल्यावर कर्ज फेडण्याइतकीही रक्कम न मिळण्याचा धोका असतो.

दावा कुठे अडतो?

पहिले कारण जादा भार. २०१८ मध्ये केंद्राने तीन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा २५ वरून २८.५ टन केली. त्यापलीकडे माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. शिवाय विमा कंपनी दाव्याची रक्कम कापते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात अटभंग झालेल्या दाव्यावर ७५ टक्के रक्कम देण्यास सांगितले. चौथा हिस्सा गेला तो गेलाच.

दुसरे कारण ट्रकवरील प्रवासी. एसटीची फेरी विरळ असलेल्या भागात मजूर मालाच्या गाडीवर बसून जातात; तेंदूपत्त्याच्या किंवा मिरची तोडणीच्या हंगामात तर सर्रास. चालकही माणुसकीने नाही म्हणत नाही. तथापि २००२ मध्ये आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मालवाहू वाहनातील अशा फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर टाकता येत नाही, असा निर्णय दिला. गाडी उलटली तर ती भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते आणि त्याच्याकडे पैसा नसेल, तर मजुराचे कुटुंब निकाल हाती असूनही रिकाम्या हातानेच राहते.

तिसरे कारण पाणी. पर्लकोटा, वैनगंगा, वर्धा या नद्यांच्या पुरात अडकलेल्या ट्रकचे नुकसान विम्यात येते. मात्र पाणी शिरलेले इंजिन चालकाने पुन्हा सुरू केले आणि ते निकामी झाले, तर कंपनी त्या भागाचा दावा सहसा नाकारते. गाडी तशीच ठेवून कंपनीला कळवणे, हाच मार्ग.

स्वस्त विमा म्हणजे ताजातवाना चालक

मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ हा २०२५ पर्यंत चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घालत होता. ज्या मालकाच्या मोबदल्याची पद्धत खेपांवर बेतलेली आहे, तो नकळत या मर्यादेविरुद्ध बक्षीस देत असतो. चंद्रपूर-मूल मार्गासारख्या ताडोबालगतच्या रस्त्यांवर रात्री वन्यप्राणी अचानक समोर येतात. डंपरसाठी ताशी ६० किलोमीटरची वेगनियंत्रक मर्यादा आहे; यंत्र छेडून ती ओलांडली, तर ब्रेक लावायला अंतर उरत नाही. परवान्याची मुदत, फिटनेस आणि टायर यांची तपासणी करून नोंद ठेवणे, चालक-क्लिनरसाठी कामगार भरपाईचे संरक्षण आहे ना याची खात्री करणे, यांना खर्च नगण्य लागतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने गडचिरोलीत साठ सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षी हेडरी ते कोनसरी ही खनिजवाहिनी सुरू झाली आणि काही खनिज रस्त्यावरून हटले. जाळपोळीचे भय ओसरत आहे. थकवा, वेग आणि जादा भार हे धोके मात्र मालकाच्या आवारातूनच गाडीबरोबर बाहेर पडतात. त्यांना तेथेच रोखले, तर हप्ता आटोक्यात राहील आणि चालक घरी परतेल.