अवजारघराची मांडणी : वाफशाच्या दिवशी शोधाशोध नको

पावसाने उघडीप दिली आणि जमिनीला वाफसा आला, की पेरणीसाठी मोजकेच दिवस हाती असतात. भारी काळ्या जमिनीत पुढची सर आली, की पुन्हा थांबावे लागते. अशा वेळी पेरणी यंत्राचा बोल्ट किंवा १७ नंबरचा पाना शोधण्यात अर्धा दिवस गेला, तर तो भरून निघत नाही. बहुतेकांकडे अवजारे कमी नसतात, ती वेळेवर सापडत नाहीत. म्हणून मे महिन्यातच दोन दिवस काढून अवजारघर लावून घ्यावे.

सर्व साहित्य बाहेर काढा

अवजारे अंगणात मांडून त्यांचे तीन ढीग करावेत : वापरातील, दुरुस्तीचे आणि भंगार. दुरुस्तीची अवजारे त्याच आठवड्यात लोहार किंवा सुताराकडे द्यावीत, नाहीतर ती पुन्हा कोपऱ्यात जातात.

आकारानुसार नव्हे, कामानुसार गट करा

- मशागत : कुदळ, टिकाव, फावडे, पहार, कुळवाच्या पासा, कोळप्याचे सुटे भाग.
- काढणी : विळे, कोयते, कानस.
- ठिबक : जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप, पंच. १६ आणि २० मि.मी. नळीचे साहित्य वेगळ्या डब्यांत ठेवावे.
- यंत्रदुरुस्ती : पाने, ग्रीस गन, नट-बोल्ट. साधारणपणे ८ मि.मी. बोल्टला १३, १० मि.मी.ला १७ आणि १२ मि.मी.ला १९ नंबरचा पाना लागतो. बोल्टच्या डब्यावर पान्याचा नंबरही लिहावा.

पेरणी यंत्राचे बोल्ट, पिना आणि त्यांना लागणारे पाने यांची मात्र एक वेगळी पिशवी करून ती यंत्रालाच बांधावी.

प्रत्येक वस्तूची जागा भिंतीवर दिसू द्या

प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून अवजारे टांगावीत आणि प्रत्येकाभोवती रंगाने रेघ मारावी. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली, की कोणते अवजार शेतात राहिले ते लगेच कळते. विळे, कोयते मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर ठेवावेत. खुरप्याच्या मुठीला पिवळा किंवा नारंगी रंग दिल्यास ते गवतात पटकन दिसते.

तणनाशकाचा पंप वेगळाच हवा

मांडणीतील ही चूक सर्वांत महाग पडते. २,४-डी तणनाशकाला कपाशी, द्राक्ष व टोमॅटो ही पिके अतिशय संवेदनशील आहेत. पंपात राहिलेला थोडा अंशही कपाशीची पाने अरुंद, पंजासारखी करतो आणि वाढ थांबवतो. वरवर धुतल्याने हा अंश पूर्ण जात नाही. त्यामुळे तणनाशकाचा पंप, बादली, मोजमाप आणि नोझल स्वतंत्र ठेवावेत. पंपावर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत ‘तणनाशक’ लिहावे. तणनाशकासाठी फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, तर कीटकनाशकासाठी हॉलो कोन नोझल वापरतात, म्हणून नोझलचे डबेही वेगळे असावेत. औषधे अवजारांत न ठेवता कुलूपबंद कपाटात ठेवावीत.

छाटणीच्या कात्र्या

डाळिंबातील तेल्या रोगाचे जिवाणू कात्रीतून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. छाटणीसाठी दोन कात्र्या ठेवाव्यात. एक वापरात असताना दुसरी १ टक्का सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. या द्रावणाने लोखंड गंजते, म्हणून काम संपल्यावर कात्र्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावून टांगाव्यात.

गंज आणि उसनवारी

खताची पोती अवजारांशेजारी रचू नयेत. खते हवेतील ओलावा शोषतात आणि त्या संपर्कात लोखंड लवकर गंजते. माती धुऊन, कोरडे करून पात्यांना तेलाचा हात द्यावा. लाकडी दांड्यांना वर्षातून एकदा जवसाचे तेल लावल्यास ते फुटत नाहीत.

दाराशी एक पाटी टांगावी. शेजाऱ्याने अवजार नेले, की नाव आणि तारीख खडूने लिहावी. यात संकोच नको. पाटीमुळे मागायला जाताना अवघडल्यासारखे होत नाही, नेणाऱ्यालाही आठवण राहते.

मांडणी झाल्यावर घरातील दुसऱ्या कोणालाही १७ नंबरचा पाना आणायला सांगा. तुम्हाला न विचारता तो दोन मिनिटांत हाती आला, तर अवजारघर पेरणीसाठी तयार आहे असे समजावे.