आकाशाला खोली आहे

आकाशाचा फोटो कितीही सुरेख निघाला, तरी त्यात एक गोष्ट कधीच उमटत नाही: अंतर. आठ-दहा प्रकाशवर्षांवरचा तारा आणि लाखो प्रकाशवर्षांवरची दीर्घिका फोटोच्या काचेवर शेजारी शेजारी बसतात. विश्व केवढं आहे आणि त्याची रचना कशी आहे, हे कोडं उलगडू लागलं ते या अंतराचं माप हाती आल्यावर.

हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्डच्या वेधशाळेत तासाला ३० सेंटवर काम करायच्या. आकाशाच्या एकाच भागाच्या, वेगवेगळ्या रात्री काढलेल्या फोटोंच्या काचा ताडून पाहायच्या आणि कोणता ठिपका ठळक झाला, कोणता पुसट, हे टिपून ठेवायचं. लहान मॅगेलनिक मेघ या ताऱ्यांच्या पुंजक्यातले असे २५ तारे घेऊन १९१२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की ताऱ्याचं तेज कमीजास्त होण्याचं चक्र जितकं लांब, तितका तो मुळात प्रखर असतो. मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे त्यातला एखादा जास्त ठळक दिसला, तर तो जवळ आहे म्हणून नव्हे, खरोखरच तेजस्वी आहे म्हणून! अशा ‘सेफिड’ ताऱ्याच्या चक्राचे दिवस मोजले की त्याचं खरं तेज कळतं, आणि तो दिसतो किती मंद यावरून तो किती लांब आहे तेही.

लेव्हिट १९२१ मध्ये कर्करोगानं गेल्या. त्यांची मोजपट्टी कुठवर पोचली हे त्यांना पाहायला मिळालं नाही, याची हळहळ वाटते.

कारण दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९२३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर एडविन हबल यांनी १०० इंची दुर्बिणीतून देवयानी तेजोमेघाचा फोटो घेतला. नवतारा समजून एका ठिपक्याशेजारी त्यांनी ‘एन’ लिहिलं होतं. जुन्या काचांशी ताडल्यावर तो ठिपका ठरावीक काळानं उजळतो-मंदावतो आहे हे लक्षात आलं. ‘एन’वर काट मारून त्यांनी लिहिलं, ‘व्हॅर!’, म्हणजे रूपविकारी. चक्र सुमारे ३१ दिवसांचं. हिशेब केला तर देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर निघाली, म्हणजे ती स्वतंत्र दीर्घिकाच. आज तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी, गावाच्या दिव्यांपासून दूर, ती धुरकट ठिपक्यासारखी नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

त्याहून लांबच्या दीर्घिकांसाठी वर्णपट कामी आला. दीर्घिका जितकी दूर, तितक्या तिच्या प्रकाशातल्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. मात्र एकेका दीर्घिकेवर दुर्बीण रोखून वर्णपट घ्यायचा, म्हणजे चिकाटीचं काम. व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी सुमारे ११०० दीर्घिकांची अंतरं मांडून १९८६ मध्ये विश्वाचा एक काप नकाशावर आणला. दीर्घिका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या असतील, अशी अपेक्षा होती. नकाशात दिसला साबणाचा फेस: आत प्रचंड पोकळ्या आणि त्यांच्या पातळ भिंतींवर दाटीनं बसलेल्या दीर्घिका. सपाट फोटोत यातलं काहीही दिसलं नसतं.

अशा भिंती आणि धागे जिथे एकत्र येतात, तिथे दीर्घिकांचे महासमूह सापडतात. त्यातला एक पुण्यातून शोधला गेला. ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी ‘स्लोन’ या आकाश-सर्वेक्षणातली माहिती तपासून २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेला तो जाहीर केला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिलं. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं, विस्तार सुमारे ६० कोटी. आपली आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद. तशा सहा हजार ओळीनं मांडल्या तर सरस्वतीचं एक टोक दुसऱ्याला मिळेल. दीर्घिकांचे किमान ४३ समूह त्यात आहेत आणि एकूण वस्तुमान सूर्याच्या दोन कोटी अब्ज पट भरतं.

तिथून आज पोचणारा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वी अजून तरुण होती. एवढी अवाढव्य रचना तोवर जुळून आली कशी, हे सिद्धान्त मांडणाऱ्यांना सोपं नाही. सरस्वतीचा गाभा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं आकसत असावा, असं गणित सांगतं; बाहेरच्या भागाला मात्र विश्वाचं प्रसरण ताणतं आहे.