सायकल मिळाली; ती चालती कशी राहील?

बारामती-इंदापूर मार्गावरील सणसर हे नीरा डाव्या कालव्याच्या परिसरातील गाव. शेजारीच भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. अशा बागायती भागात वस्ती केवळ गावठाणात एकवटलेली नसते. ती मळ्यामळ्यांतून विखुरलेली असते. शाळा, दवाखाना, बाजार व कामाचे ठिकाण गाठण्यासाठी काही किलोमीटर जावे लागते. ज्या घरी मोटारसायकल नाही, तेथील विद्यार्थिनीने, शेतमजुराने अथवा गळीत हंगामापुरत्या आलेल्या ऊसतोड कामगाराने हे अंतर सायकलीने कापावे, नाही तर पायी.

सायकलीने शिक्षणाला किती हातभार लागतो, हे बिहारच्या अनुभवावरून दिसते. तेथे २००६ साली नववीतील मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य सुरू झाले. पुढे झालेल्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुले व मुली यांच्या नोंदणीतील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा ३ किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष जाणवला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमांतर्गत १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली दिल्या जातात.

परंतु हे साहाय्य खरेदीसाठी असते. सायकल बिघडते ती त्यानंतर. बिघाड बहुधा किरकोळ असतो: पंक्चर, सैल चेन, झिजलेले ब्रेकचे रबर. तो वेळीच दूर झाला नाही तर वाढतो. चाकाच्या हबमधील ग्रीस सुकले की छर्रे झिजतात, मग कोन खराब होतो आणि अखेरीस संपूर्ण हब बदलावा लागतो. थोड्या ग्रीसने टळणारा खर्च मजुराच्या आवाक्याबाहेर जातो. सायकल भिंतीला टेकते आणि मुलीच्या शाळेत खाडे पडू लागतात. शासनाचा खर्च कागदावर पूर्ण होतो. त्याचा हेतू मात्र अपुरा राहतो.

यावर सामूहिक दुरुस्ती कार्यशाळा हा सोपा उपाय आहे. अमेरिकेतील बॉस्टनच्या, १९८४ साली स्थापन झालेल्या ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेच्या एका उपक्रमात मुले जुनी सायकल स्वतः दुरुस्त करण्यास शिकतात व त्या श्रमाच्या मोबदल्यात सायकल मिळवतात. आफ्रिकेत ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही संस्था सायकलींबरोबर स्थानिक कारागिरांना प्रशिक्षण देते व सुट्या भागांचा पुरवठाही पाहते. वाटपाइतकीच देखभाल महत्त्वाची, हे सूत्र दोन्हीकडे आहे.

सणसरसारख्या गावात यासाठी एक खोली व अवजारांची एक पेटी पुरेशी आहे. पान्यांचा संच, टायर काढण्याच्या पट्ट्या, हवेचा पंप, स्पोक कसण्याची चावी, चेन जोडण्याचे अवजार, रबर सोल्युशन, तेल व ग्रीस एवढे साहित्य हवे. गावातील सायकल दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाच मानधनावर मार्गदर्शक नेमावे. त्यामुळे त्याचा धंदा बुडणार नाही, उलट त्याच्या कसबाला मान मिळेल. आठवड्यातून एक सायंकाळ ठरवावी. श्रम मालकाचे, अवजारे गावाची आणि सुट्या भागांची किंमत मूळ दराने, एवढे नियम पुरेत. घरोघरी धूळ खात पडलेल्या सायकली मागवून घ्याव्यात. जो त्या दुरुस्त करील त्याला त्या मिळाव्यात. ऊसतोड कामगारांच्या मुलांनाही हंगामापुरता हा हक्क असावा.

ग्रामपंचायतीने हा विषय ग्रामसभेपुढे ठेवून ग्रामपंचायत विकास आराखड्यात त्याची तरतूद सुचवावी. शिक्षकांना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील दप्तराविना दहा दिवसांत सहावी ते आठवीच्या मुलामुलींना येथे आणता येईल. मुलींच्या हाती पाना देण्यास संकोच करू नये. पंक्चर काढता येणारी मुलगी वाटेत अडून राहत नाही.

संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम सणसरला असतो. हजारो वारकऱ्यांची सोय करणाऱ्या गावाला एवढी व्यवस्था जड जाऊ नये. सायकलवाटपाच्या समारंभात किती सायकली दिल्या हे सांगितले जाते. वर्षअखेरीस त्यांतील किती चालू आहेत, याचीही नोंद ग्रामसभेपुढे यावी.